परक्यांच्या घरी पाहुणा
(अभ्यासपाठ : फादर मातेओ रिच्ची यांनी पाहिलेले चिनी लोकजीवन)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी नोकरीधंद्यानिमित्त परदेशी राहून आलेले असते. माणूस सुट्टीवर घरी आला की पहिले दोन दिवस तिकडच्याच गोष्टी निघतात. तिकडचे लोक काय खातात, पाहुण्याला कसे बसवतात, कोणाला कसे हाक मारतात, कशाला हसतात आणि कशाचा राग धरतात. आपण त्या गप्पा ऐकतो आणि विसरून जातो. परदेशातल्या अशा बारीकसारीक गोष्टींना फारसे मोल नाही, असेच आपल्याला वाटते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र एका धर्मगुरूने अशाच बारीकसारीक गोष्टी जवळजवळ २८ वर्षे मन लावून पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्या पाहण्यातूनच चीनसारख्या बंद दारांच्या देशात त्यांना जागा मिळाली. ते धर्मगुरू म्हणजे येशूसंघाचे फादर मातेओ रिच्ची. या पाठात त्यांनी काय पाहिले, ते कसे पाहिले आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार करू.

फादर रिच्ची कोण होते?

मातेओ रिच्ची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. वडिलांनी त्यांना कायदा शिकण्यासाठी रोमला धाडले, परंतु १५७१ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. रोमच्या महाविद्यालयात ख्रिस्तोफर क्लाव्हियस या नामवंत गणितज्ञ धर्मगुरूंच्या हाताखाली ते गणित आणि खगोलशास्त्र शिकले.

त्यांची चीनची वाट आपल्या भूमीवरून गेली. सप्टेंबर १५७८ मध्ये ते जहाजाने गोव्यास पोहोचले. तेथे त्यांनी अभ्यास केला, मुलांना शिकवले आणि १५८० साली कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्सही १५७९ साली गोव्यात उतरले होते. म्हणजे एकाच संघाचे दोन परदेशी तरुण त्या काळात आपल्या किनाऱ्यावर होते. पुढे एकाने आपली मायबोली आपलीशी केली आणि दुसऱ्याने चिनी भाषा.

गोव्यात असतानाच रिच्चींचा स्वभाव दिसून आला. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे उच्च शिक्षण देऊ नये, असा विचार तेथे जोर धरीत होता. तरुण रिच्चींनी १५८१ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून त्याला विरोध केला. ज्या लोकांमध्ये राहायचे त्यांना कमी लेखून चालणार नाही, ही जाणीव त्यांच्यापाशी चीनला जाण्याआधीच होती.

१५८२ साली ते मकावला पोहोचले आणि सप्टेंबर १५८३ मध्ये फादर मिकेले रुज्जेरी यांच्याबरोबर दक्षिण चीनमधील झाओचिंग या शहरात राहू लागले. पुढे शाओचौ, नानचांग, नानजिंग असे मुक्काम करीत २४ जानेवारी १६०१ रोजी ते राजधानी बीजिंगला पोहोचले. ११ मे १६१० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात त्यांनी आपल्या आठवणी इटालियन भाषेत लिहून ठेवल्या होत्या. फादर निकोला त्रिगो यांनी त्या लॅटिनमध्ये आणून १६१५ साली छापल्या, आणि युरोपला चिनी माणसाच्या घरातले जीवन पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसले.

गरम पेला आणि दोन काड्या

'चहा' हा आपला शब्द मुळात चिनी आहे. रिच्ची चीनमध्ये गेले तेव्हा युरोपात चहा फारसा कोणाला ठाऊक नव्हता आणि आपल्याकडेही तो घरोघरी शिजत नव्हता. म्हणून त्यांनी तो नव्या वस्तूसारखा समजावून सांगितला आहे. एका झुडपाची पाने वसंत ऋतूत खुडतात, सावलीत वाळवतात आणि ती गरम पाण्यात टाकून ते पाणी पितात. पाहुणा आला की चहा आलाच. तो अधिक वेळ बसला तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पेला पुढे येतो. जपानात पानांची पूड करून घुसळतात आणि चीनमध्ये पानेच पाण्यात घालतात, हा फरकदेखील त्यांनी टिपला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. चिनी माणूस ऐन उन्हाळ्यातही पाणी, मद्य किंवा चहा गरमच पितो. त्यांना ही सवय पोटाला हितकारक वाटली. थंड पेयांच्या आवडीमुळे युरोपातील लोकांना मुतखड्याचा त्रास होतो आणि चिनी लोकांना तो होत नाही, असा त्यांचा तर्क होता. आजचे डॉक्टर हा तर्क मान्य करणार नाहीत. पण आपली सवय तेवढी शहाणी आणि दुसऱ्याची विचित्र, असे त्यांनी धरले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जेवणाच्या बाबतीत तेच. चिनी लोक दोन गुळगुळीत काड्यांनी जेवतात, अन्नाला बोट लावत नाहीत. मांस, भाजी सारे आधीच बारीक कापून पानावर येते, त्यामुळे जेवताना सुरीची गरजच पडत नाही, हे कारणही त्यांनी सांगितले. चिनी मातीच्या भांड्यांचे त्यांनी फार कौतुक केले. गरम पदार्थाने ते भांडे तडकत नाही, आणि फुटलेच तर पितळी तारेने सांधून पुन्हा वापरता येते, असे ते लिहितात. आपल्या घरी लोणच्याची चिनी मातीची बरणी ज्यांनी जपून वापरली आहे, त्यांना हे वाचून आनंद होईल.

भेटीगाठीची रीत

चिनी लोकांची आदर दाखवण्याची पद्धत ही रिच्चींना सर्वांत अवघड शाळा वाटली असावी, कारण तिच्याबद्दल त्यांनी भरभरून लिहिले आहे. भेटीला जाणारा माणूस आधी आपले नाव आणि नम्र शब्द लिहिलेली एक कागदी पुस्तिका आत पाठवतो. पुस्तिका पांढऱ्या कागदाची आणि तिच्यावर तांबड्या कागदाची पट्टी. मग यजमान बाहेर येतो. दोघेही लांब बाह्यांत हात जोडून वर नेतात आणि वाकतात. यजमान पाहुण्याची खुर्ची स्वतः नीट मांडतो आणि तिच्यावर धूळ नसली तरी हाताने पुसल्यासारखे करतो. निघतानाही दारात पुन्हा पुन्हा नमस्कार होतात, आणि पाहुणा वाटेला लागल्यावर यजमानाचा नोकर निरोपाचे शब्द घेऊन मागोमाग जातो. कोणी भेटून गेला की त्याच्या घरी जाऊन परतभेट देणे हे तर कर्तव्यच.

युरोपच्या माणसाला हे सारे लांबण वाटले असते. रिच्चींनाही ते कधी कधी जास्त वाटले. तरीही त्यांनी ते शिकून घेतले, कारण त्या देशात सभ्य माणसाची ओळख यातूनच पटते, हे त्यांनी जाणले.

नावांची गंमत पाहा. चिनी माणसाला लहानपणी एक नाव, शाळेत दुसरे, मोठेपणी आदराने हाक मारण्यासाठी आणखी एक. त्याचे खरे नाव घेऊन हाक मारण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा, इतरांनी तसे केले तर तो अपमान. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडेही पतीचे नाव न घेता 'अमक्याचे बाबा' म्हणण्याची रीत होतीच. रिच्चींचे चिनी नाव 'ली मादौ' : 'रिच्ची'चे 'ली' आणि 'मातेओ'चे 'मादौ'. पुढे लोकांना आदराने हाक मारता यावी म्हणून त्यांनी 'शीताई' असे दुसरे नावही घेतले.

पंख्याबद्दलही त्यांनी लिहिले आहे. चिनी लोक थंडीच्या दिवसांतही हातात पंखा बाळगतात आणि मित्राला पंखाच भेट देतात. युरोपात हातमोजे जसे गरजेपेक्षा शोभेसाठी आणि भेट देण्यासाठी असतात, तसाच इथला पंखा, असे त्यांनी आपल्या लोकांना समजावले. अनोळखी गोष्ट त्यांच्या ओळखीच्या गोष्टीशेजारी ठेवून दाखवली.

टोपीची गोष्ट तर थेट वेदीपर्यंत पोहोचली. युरोपात आदर दाखवायचा तर टोपी काढतात. चीनमध्ये थोरामोठ्यांपुढे डोके उघडे ठेवणे हाच अनादर. आपल्या आजोबांच्या काळी पागोट्याशिवाय चारचौघांत कोणी जात नसे, तसेच ते. १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील धर्मगुरूंना डोके झाकून मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. रिच्ची तोवर हयात नव्हते. पण घरोघरी जाऊन ज्यांनी लोकांच्या टोप्यांकडेही लक्ष दिले, त्यांच्याच कष्टाचे ते फळ होते.

वेश का बदलला?

चीनमध्ये प्रवेश करताना रिच्ची आणि रुज्जेरी यांनी डोके व दाढी भादरून बौद्ध भिक्षूंसारखा वेश घेतला होता. धर्माच्या माणसाला हाच वेश शोभेल, असे तेथील अधिकाऱ्यांचेही म्हणणे होते. परंतु पुढे बारा वर्षे लोकांत राहिल्यावर रिच्चींच्या लक्षात आले की चिनी समाजात मान असतो तो विद्वानांना. परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वानच राज्यकारभार पाहतात. भिक्षूला ते आपल्या बरोबरीने बसवून घेत नाहीत. छू ताइसू नावाच्या चिनी मित्राने त्यांना वेश बदलण्याचा सल्ला दिला. १५९५ साली रिच्चींनी केस व दाढी वाढवून विद्वानांचा रेशमी झगा अंगावर घातला.

त्याच वर्षी नानचांगमध्ये त्यांनी चिनी भाषेत आपले पहिले पुस्तक लिहिले. त्याचा विषय होता मैत्री. धर्मशिक्षणाचे त्यांचे मोठे पुस्तक त्यानंतर आठ वर्षांनी, १६०३ साली छापले गेले. आधी मैत्री, मग उपदेश, हा क्रम ध्यानात ठेवावा. त्यांच्या मित्रांपैकी श्यू ग्वांगची या विद्वानाने १६०३ साली स्नानसंस्कार घेतला आणि पौल हे नाव धारण केले. या दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले; ते १६०७ साली प्रसिद्ध झाले. जगाच्या नकाशातही रिच्चींनी यजमानांचा विचार केला. १६०२ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध चिनी नकाशात चीन एका कोपऱ्यात नाही, मध्याजवळ आहे.

तेही त्यांना पाहत होते

परदेशी माणूस लोकांना पाहतो तेव्हा लोकही त्याला पाहत असतात. झाओचिंगच्या घरी वेदीवर पवित्र मातेचे चित्र होते. त्यामुळे या परदेशी लोकांचा देव स्त्री आहे, असा लोकांचा समज होऊ लागला. तेव्हा फादरांनी त्या जागी प्रभू येशूचे चित्र लावले. पाऱ्यापासून चांदी बनवण्याची विद्या रिच्चींना येते, अशीही अफवा होती.

सर्वांत कठीण प्रसंग १६०० साली आला. बीजिंगला जाताना मा तांग नावाच्या राजसेवकाने त्यांचे सामान तपासले. त्यात क्रूस निघाला. खिळे ठोकलेला, रक्ताने माखलेला मनुष्य पाहून, ही सम्राटावर करणी करण्याची वस्तू आहे, असे त्याला वाटले. आपण ज्या क्रुसापुढे रोज गुडघे टेकतो तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला कसा दिसत असेल, याचा आपण कधी विचार केला आहे का? रिच्चींना तो विचार करावा लागला. म्हणूनच क्रूस समोर ठेवण्याआधी त्यामागचे प्रेम शब्दांनी आणि वागण्याने समजावले पाहिजे, हे त्यांना पटले.

जे खटकले तेही लिहिले

रिच्चींनी चिनी लोकांची फक्त स्तुतीच केली असे समजू नये. गरिबीमुळे लोक पोटची मुले विकतात, नवजात मुलींचा जीव घेतात, हे त्यांनी दुःखाने नोंदवले. मुलींचे पाय लहानपणीच बांधून ठेवण्याच्या चालीबद्दलही त्यांनी लिहिले. परदेशी माणसाविषयीचा संशय त्यांनी स्वतः सोसला. १५८९ साली त्यांना झाओचिंगचे घर सोडावे लागले होते. बौद्ध धर्माविषयीचे त्यांचे लिखाण मात्र आज एकतर्फी वाटते. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांना त्यांनी जेवढा वेळ दिला, तेवढा बौद्ध ग्रंथांना दिला नाही. चांगल्या निरीक्षकाचीही नजर सगळीकडे सारखी पोहोचत नाही.

आईवडिलांपुढची उदबत्ती

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. चिनी लोक आईवडिलांच्या मृत्यूनंतर पांढरे, जाडेभरडे कपडे घालून तीन वर्षांचा शोक पाळत. मोठा अधिकारीही त्या काळात पद सोडून घरी बसे. लहानपणी आईवडिलांनी आपल्याला तीन वर्षे कडेवर वागवले, त्याची ही परतफेड, असा त्यामागचा भाव. ठराविक दिवशी पूर्वजांच्या कबरीवर किंवा त्यांच्या नावाच्या पाटीपुढे ते अन्न ठेवीत आणि उदबत्ती लावीत.

ही पूजा की आदर? रिच्चींनी यावर घाईने निकाल दिला नाही. मृत माणसे ते अन्न खातात असे हे लोक मानत नाहीत. जिवंत मुलांनी आईवडिलांचा मान राखायला शिकावे म्हणून हे सारे चालते, असे त्यांना चौकशीअंती दिसले. म्हणून नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी पूर्वजांचा सन्मान सोडायला लावला नाही. तो खर्च पुढे गोरगरिबांच्या मदतीसाठी वळावा, अशी त्यांची इच्छा होती.

त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या काही मिशनऱ्यांना हे पटले नाही. वाद रोमपर्यंत गेला आणि शंभर वर्षे चालला. १६९२ साली कांग्शी सम्राटाने ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली होती. पण १७०४ आणि १७१५ साली रोमहून चिनी विधींवर बंदी आली. नाराज झालेल्या सम्राटाने १७२१ साली ख्रिस्ती प्रचारावरच बंदीचा हुकूम काढला. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी या विषयावर पुढे वादच करू नये, असे ठरवले. चिनी ख्रिस्ती माणसापुढे पेच उभा राहिला : प्रभूवर श्रद्धा ठेवायची तर मेलेल्या आईपुढे उदबत्ती लावायची नाही, आणि उदबत्ती लावली नाही तर गावात कृतघ्न मुलगा म्हणून जगायचे. अखेर १९३९ साली, पोप बारावे पायस यांच्या काळात, असा सन्मान ख्रिस्ती माणसाला करता येईल, असे ख्रिस्तसभेने जाहीर केले. रिच्चींच्या मृत्यूला तेव्हा ३२९ वर्षे झाली होती. मधल्या काळात किती कुटुंबांनी हा पेच सोसला असेल, याचा हिशेब कोणाकडे नाही.

बोध

अथेन्स नगरात संत पौल आधी रस्त्यांतून हिंडला, लोकांच्या वेद्या त्याने नीट पाहिल्या आणि मगच बोलायला उभा राहिला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). प्रभू येशूने बाहात्तर शिष्यांना पाठवले तेव्हा ज्या घरी स्वागत होईल तेथे पुढे येईल ते खाण्यास सांगितले (लूक, अध्याय १०). दुसऱ्याच्या घरचे अन्न खाणे म्हणजे त्याच्या घरचे होणे. रिच्चींनी काड्या धरल्या, गरम चहा प्यायला, खुर्ची पुसून घेतली आणि पुसून दिली, तेव्हा ते हीच आज्ञा पाळत होते.

त्यांच्या निधनानंतर वान्ली सम्राटाने त्यांच्या दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली. परदेशी माणसासाठी हा फार मोठा मान होता. त्यांची कबर आजही त्या शहरात आहे. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या असामान्य सद्गुणांना मान्यता दिली आणि त्यांना 'पूजनीय' हा किताब प्राप्त झाला.

चीन आपल्यापासून दूर आहे, पण वेगळ्या चालीरीतीचा शेजारी भिंतीपलीकडे आहे. कोणी बाहेरगावाहून येऊन आपल्याच आळीत भाड्याने राहते, कोणाची सून दुसऱ्या समाजातली असते. त्यांच्या घरची एखादी रीत खटकली तर लगेच नाव ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : 'तुमच्याकडे असे का करतात?' एवढाच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याची तयारी.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या शेजारच्या अन्य धर्मीय किंवा अन्य भाषिक कुटुंबाच्या कोणत्या रीतीचा अर्थ मला ठाऊक आहे? कोणत्या रीतीचा अर्थ मी कधी विचारलाच नाही?

२. माझ्या घरातील कोणती ख्रिस्ती खूण परक्या माणसाला चुकीची समजू शकेल? ती मी त्याला सोप्या शब्दांत कशी समजावीन?

३. आपले आईवडील, आजीआजोबा यांच्या स्मरणाच्या कोणत्या जुन्या चाली आपण सोडून दिल्या? त्या सोडताना त्यामागचा आदरही सुटला का?

घरी सर्वांनी मिळून या प्रश्नांवर बोलावे. परदेशी राहून आलेले कोणी घरात असेल, तर या वेळी त्यांच्या गप्पा जरा लक्ष देऊन ऐकाव्यात.